यूएसए टुडे: घडीच्या वर मावणारा देश

अमेरिकेत १९८० च्या सुमारास सतराशेच्या आसपास दैनिकं निघत होती आणि त्यांतलं जवळजवळ प्रत्येक कुठल्या तरी एका शहराचं होतं. नावात शहर, पहिल्या पानावर शहर, जाहिरातीही शहरातल्याच दुकानांच्या. देशभर मिळणारं दैनिक म्हणजे ‘वॉल स्ट्रीट जर्नल’, पण ते उद्योग-व्यापाराचं. ‘ख्रिश्चन सायन्स मॉनिटर’ होतं, त्याचा वाचक मोजका. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने १९८० मध्ये राष्ट्रीय आवृत्ती सुरू केली, तरी पेपर न्यूयॉर्कचाच राहिला. सिएटलचा माणूस कामासाठी डॅलसला गेला, तर सकाळी हॉटेलात हाती येणाऱ्या पेपरात त्याच्या गावच्या संघाचा तपशील नसायचा, घरी पाऊस आहे की ऊन हेही नसायचं. ही उणीव भरून काढायला ‘यूएसए टुडे’ निघाला. त्याला जोखायचं ते याच कामावरून.

हा आढावा मुख्यतः छापील अंकाचा आहे, १९८२ ते २०१२ या तीस वर्षांतल्या रूपाचा. आमचं मत आधीच सांगतो. पेपराची बांधणी अव्वल आहे. हवामानाचं पान आणि क्रीडा विभाग यांच्या तोडीचं काम त्या काळात फार कमी ठिकाणी दिसतं. बातम्यांचं लेखन एका प्रकारच्या बातमीसाठी उत्तम आहे, दुसऱ्या प्रकारच्या बातमीपुढे ते हात टेकतं. आकड्यांची चित्रं मात्र डोळ्यांत तेल घालून वाचावी लागतात.

पेपर काढणारे ॲल न्यूहार्थ हे गॅनेट या वृत्तपत्र कंपनीचे प्रमुख. जन्म १९२४ चा, दक्षिण डकोटातल्या युरेकाचा. १९५२ मध्ये त्यांनी ‘सोडॅक स्पोर्ट्स’ नावाचं राज्यापुरतं क्रीडापत्र काढलं आणि ते १९५४ मध्ये बंद पडलं. नंतर गॅनेटमध्ये असताना १९६६ साली त्यांनी फ्लोरिडात, केप कॅनाव्हरलच्या परिसरात, ‘टुडे’ हे दैनिक काढलं. अंतराळ केंद्रामुळे बाहेरगावचे लोक तिथे येऊन वसत होते, त्यांना कुठल्याच जुन्या शहराची ओढ नव्हती. तो पेपर चालला. विभागवार मांडणी आणि आटोपशीर बातम्या ही तालीम तिथेच झाली, म्हणून ‘यूएसए टुडे’चं मूळ शोधायचं तर वॉशिंग्टनच्या आधी फ्लोरिडाकडे पाहावं लागतं.

१९८० मध्ये फ्लोरिडातल्या कोको बीचला न्यूहार्थनी तरुणांचा एक छोटा गट बसवला. प्रकल्पाचं नाव ‘प्रोजेक्ट एनएन’. एकाने वाचकांचा अभ्यास करायचा, एकाने उपग्रह आणि छपाई बघायची, एकाने वितरण. वाचकांचा अभ्यास करणारे टॉम कर्ली पुढे ‘असोसिएटेड प्रेस’चे प्रमुख झाले. गटाच्या हिशेबाचा कणा साधा होता. गॅनेटकडे देशभर ऐंशीहून जास्त दैनिकं होती, म्हणजे तितकी छापखान्यांची यंत्रं जागोजागी उभी होती आणि रात्रीचा बराच वेळ ती रिकामी असायची. नवा छापखाना न उभारता पानं उपग्रहाने तिथवर पोचवली, की पेपर एकाच रात्री सगळीकडे छापून होतो. ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने उपग्रहाने पानं पाठवण्याची वाट आधीच पाडली होती. सर्वसाधारण वाचकाच्या रंगीत दैनिकासाठी ती वापरणं नवं होतं.

माणसांचाही असाच मेळ घातला. गॅनेटच्या गावोगावच्या पेपरांतून पत्रकार काही महिन्यांसाठी उसने आणले. त्यांचा पगार बराच काळ मूळ पेपरच देत राहिला. त्यामुळे नव्या पेपराला अनुभवी हात मिळाले. पण सुरुवातीच्या काळातला पेपराचा खर्च कागदावर दिसतो त्यापेक्षा खरा जास्त होता, हे त्या वर्षांचे आकडे वाचताना विसरू नये.

१९८१ मध्ये नमुन्याचे, म्हणजे डमी, अंक छापून लोकांना पाठवले, प्रतिक्रिया घेतल्या आणि १५ सप्टेंबर १९८२ रोजी पहिला अंक वॉशिंग्टन-बाल्टिमोर भागात आला. किंमत २५ सेंट. कार्यालय पोटोमॅक नदीपलीकडे, व्हर्जिनियातल्या रॉसलिनमध्ये. समारंभाला अध्यक्ष रोनाल्ड रेगन हजर होते. सगळा देश एकाच दिवशी व्यापला नाही, एकेक महानगर करत पुढे गेले. हे धोरण बरोबर होतं, कारण छपाई जमली तरी पेपर विकायच्या पेट्या बसवणं, ट्रकचे मार्ग आखणं, न खपलेले अंक परत आणणं ही कामं प्रत्येक शहरात पहिल्यापासून शिकावी लागतात. १९८३ संपेपर्यंत खप दहा लाखांपुढे गेला होता.

पहिल्याच दिवशी पेपराचा स्वभाव कळला. आदल्या दिवशी लेबनॉनचे नियोजित अध्यक्ष बशीर गेमायेल यांची हत्या झाली होती. कुठल्याही पारंपरिक संपादकीय डेस्कवर हीच लीड, म्हणजे मुख्य बातमी, झाली असती. इथे तिला थोडकी जागा मिळाली. त्याच दिवशी मोनॅकोच्या राजकन्या ग्रेस, म्हणजे पूर्वीच्या चित्रतारका ग्रेस केली, वारल्या. ती बातमी ‘अमेरिकेची राजकन्या’ म्हणून पहिल्या पानावर ठळक आली. आणि वर झळकला स्पेनमधल्या मालागाचा विमान अपघात. मथळ्याचा आशय: चमत्कार, ३२७ वाचले, ५५ गेले. इतर ठिकाणी मेलेल्यांचा आकडा आधी येतो, इथे जगलेल्यांचा आला. न्यूहार्थ याला आशेची पत्रकारिता म्हणत.

या मथळ्याबद्दल आमची तक्रार आशेशी नाही, आकड्यांशी आहे. त्या विमानात प्रत्यक्षात ३९४ माणसं होती आणि ५० गेली. मथळ्यातल्या दोन आकड्यांची बेरीज ३८२ होते. अपघाताच्या पहिल्या दोन दिवसांत आकडे हलतातच, म्हणून जाणते उपसंपादक मथळ्यात ‘तीनशेहून अधिक’ असं लिहितात आणि नेमका आकडा पोटात, कोणाच्या हवाल्याने तेही सांगून, देतात. ‘यूएसए टुडे’ला नेमक्या आकड्याचं फार प्रेम आणि ते पुढेही अनेकदा महागात पडतं.

आता पेपराचं अंग बघू. सुरुवात पेटीपासून, कारण पहिल्या पानाची रचना पेटीने ठरवली. रस्त्यावर, स्टेशनात, विमानतळावर ठेवलेली नाणं टाकून उघडायची पेटी अमेरिकेत जुनीच. ‘यूएसए टुडे’साठी खास केलेली पेटी एका खांबावर उभी होती आणि समोरून दूरचित्रवाणी संचासारखी दिसायची. काचेतून दिसतो पेपराचा फक्त वरचा अर्धा भाग, घडीच्या वरचा. तेवढ्यात गिऱ्हाईक थांबवायचं. म्हणून नावाच्या निळ्या पट्टीच्या वर आतल्या बातम्यांच्या रंगीत जाहिराती आल्या, मोठा फोटो वर आला, मुख्य मथळा वर आला. घडीखाली विक्रीला उपयोगी काही ठेवायचं नाही, असा हा कायदा. वरच्या फोटोंत स्त्रिया आणि गोरेतर माणसं दिसलीच पाहिजेत, हाही न्यूहार्थ यांचा आग्रह होता. त्या काळच्या पेपरांची पहिली पानं काढून पाहिली, तर या आग्रहाचं मोल कळतं.

पहिल्या पानाच्या डाव्या कडेला उभा स्तंभ असतो, ‘न्यूजलाइन’. दिवसभराच्या महत्त्वाच्या गोष्टी दोन-दोन ओळींत आणि पुढे पान क्रमांक. बाकीच्या तीन विभागांच्या पहिल्या पानांवर असेच स्तंभ: ‘मनीलाइन’, ‘स्पोर्ट्सलाइन’, ‘लाइफलाइन’. विभाग चार, रंग चार आणि ते वर्षानुवर्षं बदलले नाहीत. बातम्या निळ्या, पैसा हिरवा, क्रीडा लाल, जीवनशैली जांभळी. विमानात शेजारी बसलेल्या दोघांनी विभाग वाटून घ्यावेत आणि परत जुळवताना गोंधळ होऊ नये, इतकी ही सोय चोख आहे. रोज त्याच जागी तीच गोष्ट सापडणं हे या पेपराचं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात कमी वाखाणलं गेलेलं बळ आहे. रोज वेगवेगळ्या शहरांत जागा होणाऱ्या वाचकाला ओळखीचं काही तरी हवं असतं.

दुसरा कायदा ‘पान ५ वर’ या शब्दांविरुद्धचा. बहुतेक दैनिकांत पहिल्या पानावरची बातमी अर्ध्यात तुटते आणि आत जाते. तिथवर पोचणारे वाचक थोडे असतात हे प्रत्येक संपादकाला ठाऊक असतं, तरी प्रथा मोडवत नाही. ‘यूएसए टुडे’ने ती मोडली. प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानावर फक्त एका बातमीला, ‘कव्हर स्टोरी’ला, आत जायची मुभा. बाकी सगळं जिथे सुरू होईल तिथेच संपलं पाहिजे.

या एका नियमातून लेखनाची सगळी शैली निघते. जागा आधी ठरते, बातमी नंतर बसते. समजा विमानभाडं वाढल्याची नऊशे शब्दांची बातमी आली आणि जागा अडीचशेची आहे. आधी जातो प्रवाशाचा किस्सा, ज्याने एरवी बातमी सुरू झाली असती. मग एकाच अर्थाच्या दोन अवतरणांतलं एक जातं. मग पूर्वपीठिका एका वाक्यात आवळली जाते. भाडं किती वाढलं, कोणत्या मार्गांवर, कधीपासून, कोणाला सूट, हे चार मुद्दे ठिपके देऊन खाली उतरतात, कारण ठिपक्यांच्या यादीत ‘दरम्यान’, ‘दुसरीकडे’, ‘उल्लेखनीय म्हणजे’ अशा जोडशब्दांची गरज उरत नाही आणि तीस-चाळीस शब्द सहज वाचतात. शेवटी बातमी काल काय झालं यापेक्षा आज-उद्या काय होणार याकडे वळवली जाते, कारण कालचं वाचकाने रात्री टीव्हीवर ऐकलेलं असतं.

अशी बातमी तीस सेकंदांत पोटात जाते आणि लक्षात राहते. ग्राहकाचे व्यवहार, औषधांच्या सूचना, नियमांतले बदल, प्रवास, निकाल, यांना हा साचा उत्तम बसतो. बिघडतं कुठे? ज्या बातमीचा जीव ‘का’मध्ये असतो, तिथे. अर्थसंकल्पाची ओढाताण, परराष्ट्र धोरण, न्यायालयीन खटला, यांत दोन बाजूंची कारणं दोन-दोन वाक्यांत मांडली की दोन्ही सारख्याच वजनाची दिसू लागतात. कापताना सगळ्यात आधी जाते ती अट: ‘जर’, ‘मात्र’, ‘या राज्यांपुरतं’. अट गेली की वाक्य स्वच्छ होतं आणि चुकीचंही. टीकाकारांनी पेपराला ‘मॅकपेपर’ म्हटलं, मॅकडॉनल्ड्सच्या झटपट खाण्याच्या पदार्थांवरून. ती चेष्टा आम्हाला अन्यायाची वाटते, कारण आखूड लिहिणं अवघड असतं आणि इथल्या डेस्कने ते वर्षानुवर्षं शिस्तीने केलं. कापताना अटी निसटतात हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि ‘कव्हर स्टोरी’ची मुभा तो पुरेसा भरून काढत नाही.

शैलीतली आणखी एक खूण म्हणजे ‘आपण’. मथळ्यांत ‘अमेरिकन नागरिक’ऐवजी ‘आपण’ आणि ‘अमेरिका’ऐवजी ‘यूएसए’. शहर नसलेल्या पेपराला वाचकाशी नातं जोडायला दुसरा धागा नव्हता. आरोग्याच्या, खाण्यापिण्याच्या बातम्यांत ते शोभतं. धोरणाच्या बातमीत हा ‘आपण’ नेमका कोण, हा प्रश्न उभा राहतो आणि अनुत्तरित राहतो.

रंगाकडे येऊ, कारण या पेपराने इतर पेपरांना सगळ्यात जास्त बदललं ते इथे. १९८२ मध्ये अमेरिकन पेपरांत रोजची रंगीत छपाई म्हणजे बहुधा एखादा धूसर फोटो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पहिल्या पानावर रंगीत फोटो यायला १६ ऑक्टोबर १९९७ उजाडला. ‘यूएसए टुडे’ने पहिल्या दिवसापासून रंग रोज, अनेक छापखान्यांत, एकसारखा द्यायचं ठरवलं.

यात काय लागतं ते पाहा. रंगीत पानाचे चार थर होतात: निळसर, किरमिजी, पिवळा, काळा. रॉसलिनमध्ये पान लावून झालं की ते यंत्रावर वाचलं जायचं, संकेत उपग्रहाकडे, तिथून छापखान्याच्या तबकडीकडे, तिथे फिल्म, फिल्मवरून प्लेट, प्लेट यंत्रावर. काळ्या-पांढऱ्या पानाला एक फिल्म, रंगीत पानाला चार, म्हणजे पाठवण्याचं कामही चौपट. म्हणून अशा व्यवस्थेत रंगीत पानं आधी सोडावी लागतात आणि ताज्या बातम्यांची शेवटी. मजकूर फक्त काळ्या थरात ठेवला, तर उशिरा आलेल्या बदलासाठी एकच प्लेट बदलून भागतं. रंगीत पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं ठेवली, की तेवढ्या दुरुस्तीसाठी चारही प्लेट नव्याने कराव्या लागतात.

छपाईत मुख्य घोळ दोन. पहिला, थर एकमेकांवर नेमके न बसणं. ऑफसेट या छपाईच्या पद्धतीत कागदाला पाणी लागतं, तो किंचित पसरतो, रिळाचा ताण कमी-जास्त होतो आणि किरमिजी थर केसभर सरकतो. चेहऱ्याला लाल कड दिसते आणि रंगीत पट्टीतली बारीक पांढरी अक्षरं भरून जातात. उपाय म्हणजे पांढरी अक्षरं जाड आणि मोठी ठेवणं. ‘यूएसए टुडे’ची निळी पट्टी आणि तीवरचं ठसठशीत पांढरं नाव छपाईच्या नजरेने शहाणं आहे ते यासाठीच. दुसरा घोळ टिंब फुगण्याचा, म्हणजे छापील फोटो ज्या बारीक ठिपक्यांचा बनतो त्यांचा. वर्तमानपत्राचा कागद शाई शोषतो, त्यामुळे ५० टक्क्यांचं टिंब छापल्यावर ७५ ते ८० टक्क्यांचं दिसतं. फोटो आधीच उजळ करून पाठवला नाही तर चेहरे काळवंडतात. चारही शायांची बेरीज २४० ते २६० टक्क्यांच्या आत ठेवली नाही, तर शाई मागच्या पानावर उमटते. वेगवेगळ्या गावांतल्या यंत्रांवर ही गणितं रोज सांभाळणं म्हणजे काय, हे छापखान्यात रात्र काढणाऱ्यालाच कळेल. फ्लोरिडातल्या फोर्ट मायर्सला छापलेला आणि शिकागोला छापलेला अंक सारखा दिसावा, या हट्टाला आमचा सलाम आहे.

हवामानाचं पान हे या पेपराचं शिखर. जॉर्ज रोरिक यांनी त्याचा आराखडा केला आणि जॅक विल्यम्स यांनी पहिली अनेक वर्षं त्याचं संपादन केलं. अख्खं पान, मधोमध देशाचा नकाशा, आणि तापमानाचे पट्टे दहा-दहा अंश फॅरनहाइटचे: थंड निळे-जांभळे, उष्ण नारिंगी-लाल. भोवती राज्याराज्यांचा अंदाज आणि शहरांची कोष्टकं. जागा पहिल्या विभागाच्या पाठीवर, म्हणजे विभाग उलटा केला की समोर. ही जागा निवडण्यामागे छपाईचंही कारण आहे. विभागाचं पहिलं आणि शेवटचं पान कागदाच्या एकाच बाजूला शेजारी-शेजारी छापलं जातं. पहिलं पान रंगीत करायचंच असेल, तर पाठीला रंग जवळजवळ आयताच मिळतो.

नकाशा वाचायला शिकवावं लागत नाही. प्रवासी आधी आपण आहोत ते ठिकाण शोधतो, मग जायचं ते, मग घर. मर्यादा दोन आहेत. पट्ट्याच्या सीमेवर ६९ आणि ७० अंशांत रंग बदलतो आणि फरक आहे त्याहून मोठा वाटतो. आणि लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्या वाचकाला शेजारचे पट्टे वेगळे काढता येत नाहीत, म्हणून पट्ट्यावर आकडा छापलेला असणं फार महत्त्वाचं. तरीही, हे पान आल्यानंतर देशभरच्या दैनिकांनी आपली हवामानाची दोन इंची चौकट मोठी आणि रंगीत केली, ते उगाच नाही.

प्रत्येक विभागाच्या पहिल्या पानावर डाव्या कोपऱ्यात खाली असतं ‘स्नॅपशॉट’: एका प्रश्नाचं उत्तर आकड्यांत, सोबत चित्र. पेपराची सगळ्यात ओळखीची आणि आमच्या मते सगळ्यात ढिली वस्तू. अडचण चित्रात असते. खपाचे दोन आकडे बाटलीच्या उंचीने दाखवले आणि एक आकडा दुप्पट असला, तर बाटली उंचीबरोबर रुंदीनेही वाढते. कागदावर तिचं क्षेत्रफळ चौपट होतं आणि गोलाई दाखवली असेल तर डोळ्याला आठपट माल दिसतो. म्हणून चित्राकडे दुर्लक्ष करून आधी आकडे वाचावेत. मग स्तंभ शून्यापासून सुरू होतात का ते पाहावं. शेवटी तळाची बारीक ओळ: पाहणी कोणी केली, कोणाच्या पैशाने, किती लोकांची. हजार लोकांच्या नीट निवडलेल्या नमुन्यात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे धरावेच लागतात, त्यामुळे ४८ विरुद्ध ५१ म्हणजे बरोबरी. एखाद्या वस्तूच्या पाहणीमागे ती विकणारी कंपनीच असेल, तर ते चित्र जाहिरातीइतकंच मानावं.

पन्नास राज्यांचं पान थोडक्यात सांगण्यासारखं आहे: प्रत्येक राज्यातून आणि देशाच्या राजधानीतून रोज एक छोटी बातमी. बातमी म्हणून तिचं वजन कमी, पण घरापासून लांब असलेला वाचक आधी हेच पान काढायचा. डेस्कला हे पान जड जातं, कारण काहीच न घडलेल्या राज्यासाठीही चार ओळी शोधाव्याच लागतात.

क्रीडा विभागाला मात्र मोकळ्या मनाने दाद. पश्चिम किनाऱ्यावर रात्री साडेसातला सुरू झालेला सामना पूर्वेच्या घड्याळात साडेदहाला सुरू होतो आणि एक-दीडला संपतो. पूर्वेकडच्या बहुतेक पेपरांची पानं तोवर गेलेली असतात. ‘यूएसए टुडे’ने उशिराच्या आवृत्त्या आणि भरगच्च कोष्टकं यांवर जोर दिला. बेसबॉलचे गुणतक्ते इतरांपेक्षा विस्ताराने दिले आणि शालेय संघांचीही राष्ट्रीय क्रमवारी छापली. इथे आखूडपणाचा आग्रह नाही. पान बारीक आकड्यांनी गच्च भरलेलं असतं आणि वाचकाला तेच हवं असतं. १९९३ पासूनची खपाऊ पुस्तकांची यादीही याच वळणाची: कथा-कादंबरी, ललितेतर, कापडी बांधणी, कागदी बांधणी असे कप्पे न करता सगळ्या पुस्तकांची एकच क्रमवारी. त्यामुळे स्वयंपाकाचं किंवा मुलांचं पुस्तक खरोखर किती खपतं ते तिथे उघड दिसतं.

मतांच्या पानाची घडण पहिले संपादकीय संचालक जॉन सायगेनथालर यांच्या हाताखाली झाली. पेपराचं मत आणि त्याला उत्तर देणारं विरुद्ध मत शेजारी-शेजारी, त्याच विषयावर, त्याच दिवशी. विरुद्ध मत लिहिणारा त्या विषयातला खरा माणूस असला की पान रंगतं. एखाद्या संघटनेचा प्रवक्ता ठरीव वाक्यं लिहून देतो तेव्हा बेचव होतं. अध्यक्षपदासाठी कोणालाच पाठिंबा न देण्याचा नियम ३४ वर्षं टिकला. २०१६ मध्ये संपादक मंडळाने डोनाल्ड ट्रम्प यांना मत देऊ नका असं लिहिलं, पण हिलरी क्लिंटन यांना पाठिंबा दिला नाही. २०२० मध्ये जो बायडन यांना थेट पाठिंबा दिला.

व्यवहाराची बाजूही उत्पादनाचाच भाग आहे. २५ सेंट म्हणजे एक नाणं, पेटीत टाकलं की दार उघडलं. १९८४ मध्ये किंमत ३५ सेंट झाली आणि दोन वेगवेगळी नाणी लागू लागली. १९८५ मध्ये ५० सेंट, म्हणजे पुन्हा एकाच प्रकारची दोन नाणी, आणि हा दर जवळजवळ दोन दशकं टिकला. २००८ अखेर एक डॉलर, २०१३ मध्ये दोन डॉलर, म्हणजे खिशात पाव डॉलरची आठ नाणी हवीत. पेटीसाठी आखलेला पेपर पेटीतून घेणं तिथे अवघड झालं. नफ्याचा पहिला महिना मे १९८७ मध्ये आणि नफ्याचं पहिलं पूर्ण वर्ष १९९३ मध्ये आलं. एवढा काळ तोटा सोसायला मागे गॅनेटसारखी कंपनीच हवी.

खपाचा मोठा वाटा हॉटेलांच्या घाऊक खरेदीतून यायचा. अंक खोलीच्या दारात पडे, किंमत भाड्यात धरलेली असे. २००८ च्या सुमारास खप २२ लाखांच्या पुढे होता. २००९ मध्ये मॅरियट या हॉटेल साखळीने प्रत्येक दारात आपोआप अंक टाकणं थांबवलं, मंदीने प्रवासही आटला होता आणि खप १९ लाखांच्या आसपास उतरून ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ पुढे गेलं. वाचकाने स्वतः मागितलेला अंक आणि त्याच्या दारात पडलेला अंक हे खपाच्या हिशेबात एकाच रकान्यात बसवले, की असं होतं.

सगळ्यात काळा अध्याय २००४ चा. पेपराचे नावाजलेले परदेश बातमीदार जॅक केली यांच्या अनेक बातम्यांत बनावट मजकूर असल्याचं उघड झालं आणि संपादक कॅरन जर्गेन्सन यांनी राजीनामा दिला. चौकशीसाठी बाहेरच्या ज्येष्ठ संपादकांची समिती नेमली आणि निष्कर्ष पेपरानेच छापले, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. या प्रकरणातला धडा शैलीशी जोडलेला आहे. आखूड, कोरड्या बातम्यांच्या पेपरात एखादा बातमीदार थरारक, दृश्यमय मजकूर आणतो तेव्हा तो उठून दिसतो आणि त्याला प्रश्न विचारणारे कमी होतात.

रचनेतले मोठे बदल दोन. २००० साली पानाची रुंदी कमी झाली, तेव्हा मजकुरासाठी अक्षररचनाकार गेरार्ड उंगर यांचा ‘गलिव्हर’ टाइप, म्हणजे अक्षरवळण, आला. त्याची अक्षरं मूळ उंचीत मोठी आणि रुंदीत काटकसरी, त्यामुळे अरुंद पानातही शब्द कमी करावे लागत नाहीत आणि वाचायला त्रास होत नाही. हा बदल आम्हाला निर्दोष वाटतो. २०१२ चा बदल तितका नाही. वुल्फ ऑलिन्स या संस्थेने नावाशेजारी मोठं निळं वर्तुळ दिलं, विभागागणिक रंग बदलणारं, आणि दिवसाच्या बातमीनुसार त्यात चित्र. पडद्यावर ते चांगलं चालतं. छापील पानावर मात्र घडीच्या वरची मोलाची जागा ते खातं आणि त्या आकारात चित्र रोज अर्थपूर्ण साधत नाही.

या पेपरातून काही उचलायचं असेल, तर ते कुठल्या क्रमाने, हे डेस्कवर काम करणाऱ्यांसाठी. आधी ठरलेल्या जागा घ्या, रंग नंतर. ‘पान ५ वर’ बंद करायचं तर एका पानापासून सुरुवात करा आणि त्या पानाच्या बातमीदाराला शब्दमर्यादा सकाळच्या बैठकीतच सांगा. रात्री डेस्कवर कापलेली बातमी आणि आधीपासून तेवढीच लिहिलेली बातमी यांतला फरक वाचकाला कळतो. कापलेल्या बातमीतल्या अटी मूळ मजकुराशी ताडून पाहायला दुसरा माणूस ठेवा. ‘न्यूजलाइन’सारखा स्तंभ सगळ्यात सोपा वाटतो आणि सगळ्यात जास्त चुकतो. आतली पानं शेवटच्या तासात हलतात, बातमी सहावरून आठवर जाते आणि पहिल्या पानावर सहाच छापलेलं राहतं. तो स्तंभ सगळ्यात शेवटी सोडायचा आणि पान क्रमांक पडद्यावरून न घेता छापून आलेल्या प्रुफांवरून, एकेक पान हातात घेऊन भरायचे.